आधी करंट ठरवा, मग ट्रान्झिस्टर

निक्सी नळ्यांचे घड्याळ करायला घेतलेला माणूस कधी ना कधी एका प्रश्नावर येऊन अडतो: "मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर ३.३ व्होल्ट आहेत, पलीकडे १८० व्होल्ट उलटवायचेत, ट्रान्झिस्टर कोणता घेऊ?" इंदिरानगरात हा प्रश्न ऐकायला फार लांब जावे लागत नाही. घरांच्या पत्त्यावर अजूनही ‘एचएएल सेकंड स्टेज’ लिहिणारा हा भाग. एका अंगाला एचएएल आणि एनएएल, दुसऱ्या अंगाला सी. व्ही. रामन नगरातली, रडारवर काम करणारी डीआरडीओची एलआरडीई. शंभर फुटी रस्ता आता पबवाल्यांनी व्यापला आहे हे खरे, पण आतल्या गल्ल्यांत निवृत्त अभियंतेही राहतात आणि आयटीतली नोकरी सांभाळून रात्री सोल्डरिंगची हौस भागवणारी मुलेमुलीही राहतात. त्यांत मराठी घरे बरीच आहेत.

प्रश्न ऐकताच कोणी ना कोणी फटकन एक नंबर सांगून मोकळा होतो. नंबर चुकीचा असतोच असे नाही, पण ही आधी कळस मग पाया अशी गत झाली. या सर्किटात ट्रान्झिस्टर सगळ्यात शेवटी ठरतो. लोड काय आहे, सिग्नल किती वेगाने उलटायला हवा आणि त्यासाठी किती मिलिअँपिअर खर्चायची तयारी आहे, एवढे ठरले की योग्य ट्रान्झिस्टर दोन-तीनच उरतात.

एक खुलासा आधीच करतो. इथे इन्व्हर्टर म्हणजे बेस्कॉमची वीज गेल्यावर पंखा चालवणारी पेटी नव्हे. इनपुट वर गेले की आउटपुट खाली आणि इनपुट खाली आले की आउटपुट वर, एवढेच काम करणारे हे सर्किट आहे. सगळ्यात साधे रूप असे: एनपीएन ट्रान्झिस्टर, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर एका रेझिस्टरमधून १८० व्होल्टच्या सप्लायला, आणि बेसवर दुसऱ्या रेझिस्टरमधून ३.३ व्होल्टचा सिग्नल. आउटपुट कलेक्टरवरून घ्यायचे.

घोडे पेंड खाते ते कलेक्टरच्या रेझिस्टरपाशी.

समजा तुम्ही एक मिलिअँपिअर खर्चायचे ठरवले. रेझिस्टर आला १८० किलोओहम. ट्रान्झिस्टर चालू असताना सगळे १८० व्होल्ट त्या रेझिस्टरवर पडतात आणि त्यात ०.१८ वॅट उष्णता होते. पाव वॅटचा रेझिस्टर पुरेल असे वाटते, पण रेझिस्टरला वॅटखेरीज व्होल्टेजचीही मर्यादा असते, हे बहुतेकांच्या गावीही नसते. पाव वॅटच्या साध्या फिल्म रेझिस्टरची ही मर्यादा साधारण २५० व्होल्ट असते. १८० व्होल्टला ती पुरते, ३०० ला नाही. शिवाय वॅटही अगदी काठावर आहेत. म्हणून एक १८० किलोचा लावण्याऐवजी ९१ किलोचे दोन एकापुढे एक लावावेत. व्होल्टेजही वाटले जाते, उष्णताही.

आता वेग पाहू. ट्रान्झिस्टर चालू होताना आउटपुट झटकन खाली येते, कारण खाली ओढणारा ट्रान्झिस्टर असतो. तो बंद झाल्यावर आउटपुट वर न्यायचे काम मात्र बिचाऱ्या १८० किलोच्या रेझिस्टरवर येते. त्याला वाटेतली सगळी कपॅसिटन्स चार्ज करावी लागते: ट्रान्झिस्टरची स्वतःची तीनचार पिकोफॅरड, वायरिंगची दहा-पंधरा, आणि मोजायला ऑसिलोस्कोपचा प्रोब लावला असेल तर त्याची आणखी बारा-पंधरा. एकूण ३० पिकोफॅरड धरू. १८० किलोओहम गुणिले ३० पिकोफॅरड म्हणजे ५.४ मायक्रोसेकंद. दहा टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत चढायला याच्या २.२ पट, म्हणजे जवळजवळ १२ मायक्रोसेकंद लागतात.

घड्याळाचे आकडे बदलायला १२ मायक्रोसेकंद म्हणजे काहीच नाही. पण तुमचा सिग्नल १०० किलोहर्ट्झचा असेल, तर त्याचे एक पूर्ण आवर्तनच १० मायक्रोसेकंदांचे. आउटपुट वर पोचायच्या आत खाली ओढले जाईल आणि स्कोपवर चौकोनी लाटेऐवजी करवतीचे दाते दिसतील. अशा वेळी लोक ट्रान्झिस्टर बदलत बसतात. ५० मेगाहर्ट्झचा काढून १०० मेगाहर्ट्झचा लावतात आणि चित्र जिथल्या तिथे. बरोबरच आहे, अडवणूक ट्रान्झिस्टरची नाहीच.

उपाय म्हणून रेझिस्टर दहापट कमी केला, १८ किलो, तर चढाई १.२ मायक्रोसेकंदांवर येते. पण करंट १० मिलिअँपिअर होतो आणि रेझिस्टरमध्ये १.८ वॅट जळतात. आता पाच वॅटचा रेझिस्टर हवा, तो गरम होणार, आणि बारा व्होल्टवरून १८० व्होल्ट करणाऱ्या छोट्या बूस्ट मॉड्यूलला एवढा करंट झेपतो का ते पाहायला हवे. वेग हवा तर उष्णता सोसा, उष्णता नको तर वेग सोडा, असा हा सरळ सौदा आहे. ट्रान्झिस्टर त्यात कुठेच आलेला नाही, हे लक्षात घ्या.

लोड पिझो अ‍ॅक्च्युएटरसारखा असेल तर चित्र आणखी बदलते. त्याची कपॅसिटन्स पिकोफॅरडमध्ये नव्हे, नॅनोफॅरडमध्ये मोजतात, मोठ्यांची मायक्रोफॅरडपर्यंत जाते. २० नॅनोफॅरडचा लोड आणि १८ किलोचा रेझिस्टर धरला तरी चढाईला ०.८ मिलिसेकंद लागतात. तिथे एका ट्रान्झिस्टरच्या इन्व्हर्टरचा नादच सोडावा. वर ढकलायला पीएनपी आणि खाली ओढायला एनपीएन अशी जोडी लागते. एमपीएसए ४२ आणि एमपीएसए ९२ ही अशीच ३०० व्होल्टची जोडी आहे. मात्र दोघे एकाच क्षणी चालू राहता कामा नयेत, नाहीतर सप्लाय थेट ग्राउंडला जोडला जाईल. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तर आपण एक मिलिअँपिअरवर थांबू आणि व्होल्टेजकडे वळू.

सप्लाय १८० व्होल्टचा म्हणून २०० व्होल्टचा ट्रान्झिस्टर घेणे म्हणजे हातचे काहीच न राखणे. स्वस्त बूस्ट मॉड्यूलवरचे व्होल्टेज लोड अचानक कमी झाला की उसळते. त्यावरचा बारीकसा ट्रिमपॉट जरा जास्त फिरला, किंवा फीडबॅकचा सांधा सुटला, तर ते २०० च्याही वर जाते. साधा नियम असा की सप्लायच्या दीडपट सोसणारा घ्यावा. १८० ची दीडपट २७०. बाजारात त्याच्या पुढचा टप्पा ३०० व्होल्टचा, तो आपला.

डेटाशीटमध्ये पाहायचा आकडा म्हणजे बेस मोकळा असताना कलेक्टर-एमिटरमध्ये सोसले जाणारे व्होल्टेज, व्हीसीईओ. दुकानात नेमकी इथे गफलत होते. एमजेई १३००३ हा जुन्या सीएफएलमधून निघणारा ट्रान्झिस्टर बरेच जण ‘सातशे व्होल्टचा’ म्हणून देतात. ७०० हा आकडा डेटाशीटमध्ये आहे खरा, पण तो बेस उलट्या व्होल्टेजने दाबून ट्रान्झिस्टर पक्का बंद ठेवलेला असतानाचा. त्याचा व्हीसीईओ ४०० आहे. आपला मायक्रोकंट्रोलर सुरू होताना काही क्षण पिन मोकळी सोडतो, तेव्हा आपण भरवसा ठेवायचा तो व्हीसीईओवरच. त्याच कारणासाठी बेस आणि ग्राउंडमध्ये १०० किलोचा एक रेझिस्टर लावून टाकावा, म्हणजे पिन मोकळी असली तरी ट्रान्झिस्टर बंद राहतो आणि गळतीचा करंट बेसमध्ये न शिरता ग्राउंडला जातो.

याला एक अपवाद आहे. निक्सी नळीचा कॅथोड थेट कलेक्टरला जोडला असेल आणि सप्लायला जाणारा रेझिस्टर कलेक्टरवर नसेल, तर ट्रान्झिस्टरवर पूर्ण १८० व्होल्ट येत नाहीत, बराच भाग नळी स्वतःच घेते. जुन्या ७४१४१ चिपची आणि तिची रशियन बहीण के१५५आयडी१ हिची आउटपुट साधारण ६० व्होल्टचीच असूनही त्यांनी वर्षानुवर्षे निक्सी नळ्या चालवल्या, त्या याच जोरावर. तिथे १६० व्होल्टचा २एन ५५५१ मजेत चालतो. आपल्या इन्व्हर्टरमध्ये मात्र ट्रान्झिस्टर बंद असताना कलेक्टर सरळ १८० वर जातो, म्हणून २एन ५५५१ इथे बाद. हे न सांगता "निक्सीला चालतो, म्हणजे तुलाही चालेल" असे सांगणारे पुष्कळ भेटतात.

आता नंबर घेऊ. एक मिलिअँपिअर, ३०० व्होल्ट आणि पायांचा भाग हवा असेल, तर एमपीएसए ४२. व्हीसीईओ ३०० व्होल्ट, करंट ५०० मिलिअँपिअरपर्यंत, कलेक्टर-बेस कपॅसिटन्स जास्तीत जास्त तीन पिकोफॅरड, २५ अंशांला ६२५ मिलिवॅट. सरफेस माउंटमध्ये त्याचाच भाऊ एमएमबीटीए ४२. तो मिळाला नाही तर बीएफ ४२०, तोही ३०० व्होल्टचा. ४०० व्होल्ट हवे असतील तर एमपीएसए ४४, पण त्याची कपॅसिटन्स दुपटीहून जास्त आहे. करंट जास्त आणि उष्णता जास्त असेल तर एमजेई ३४०. तोही ३०० व्होल्टचाच, पण त्याच्या अंगाला भोक आहे, तिथे हीटसिंक स्क्रूने आवळता येतो.

घरच्या डब्यात पडलेले नग आधी वापरून पाहावेसे वाटणे साहजिक आहे. बीसी ५४७ ची मर्यादा ४५ व्होल्ट, २एन २२२२ए ची ४०. आपल्या आधीच्या पिढीने ज्यावर हात बसवला तो धातूच्या टोपीचा एसएल १००, तोही पन्नासच्या आसपास. बेंगळुरूच्या जालहळ्ळीत १९५४ साली सुरू झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे आपल्या बीईएलने, साठच्या दशकापासून ट्रान्झिस्टर बनवले, आणि कित्येक मराठी पॉलिटेक्निकांच्या प्रयोगशाळांत त्याच कंपनीचे नग होते. त्यांच्याविषयी जिव्हाळा असू द्यावा, पण १८० व्होल्टला त्यांना हात लावू नये.

बेसचा हिशेब सोपा आहे, पण गेनचा आकडा नीट वाचावा. एमपीएसए ४२ चा गेन एक मिलिअँपिअरला किमान २५ असतो. बीसी ५४७ च्या दोनशे-तीनशेची सवय असलेल्याला तो फार कमी वाटतो. जास्त व्होल्टेज सोसणाऱ्या ट्रान्झिस्टरची कलेक्टरची बाजू जाड आणि हलक्या डोपिंगची ठेवावी लागते, आणि असे नग गेनच्या बाबतीत बहुधा मागेच असतात. एक मिलिअँपिअरला २५ ने भागले की ४० मायक्रोअँपिअर. ट्रान्झिस्टर पूर्ण चालू व्हावा म्हणून त्याच्या पाच-सहा पट द्यावा. ३.३ व्होल्टमधून बेसचे ०.७ वजा करून उरलेले २.६ व्होल्ट १० किलोमधून सोडले की ०.२६ मिलिअँपिअर मिळतो. झाले काम. पिनवर काही ताण नाही. १०० किलोचा पुलडाउन त्यातले सात मायक्रोअँपिअर खातो, ते सोडून द्या.

आता मिलर इफेक्टबद्दल. कलेक्टर आणि बेस यांच्यामधल्या त्या तीन पिकोफॅरडचा त्रास दिसतो त्यापेक्षा मोठा असतो, कारण त्या कपॅसिटन्सचे एक टोक बेसला बांधलेले असते आणि दुसरे १८० व्होल्ट खाली कोसळते. तीन पिकोफॅरड गुणिले १८० व्होल्ट म्हणजे ५४० पिकोकूलंब चार्ज. हा सगळा बेसमधूनच जायचा आणि बेसला आपण दिलाय ०.२६ मिलिअँपिअर. म्हणजे उतरायलाच दोन मायक्रोसेकंद. जॉन मिलर यांनी १९२० साली हे निर्वात नळ्यांसाठी लिहून ठेवले होते. बेंगळुरूच्या मिलर्स रोडचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही. तरी १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने या शहरात पहिले बस्तान बसवले ते त्याच रस्त्यावर, याची गंमत वाटते.

दोन मायक्रोसेकंद जड जात असतील तर १० किलोच्या बेस रेझिस्टरला समांतर २२० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावावा. सिग्नल वर जाताच तो एका धक्क्यात साधारण तेवढाच चार्ज बेसमध्ये ढकलतो, आणि सिग्नल खाली येताना साठलेला चार्ज ओढूनही घेतो. अगदी स्वस्त भाग, पण महागड्या ट्रान्झिस्टरपेक्षा जास्त फरक तोच पाडतो.

मला स्वतःला मात्र त्यापेक्षा दोन मजली मांडणी आवडते. खाली बीसी ५४७, वर एमपीएसए ४२. वरच्याचा बेस पाच व्होल्टला बांधायचा, त्याचा एमिटर खालच्याच्या कलेक्टरला जोडायचा आणि सिग्नल खालच्याला द्यायचा. सिग्नल वर गेला की खालचा चालू होतो, वरच्याचा एमिटर खाली ओढतो, वरचाही चालू होतो आणि आउटपुट खाली येते. वरच्याच्या बेसमध्ये मर्यादेपलीकडे करंट शिरू नये म्हणून पाच व्होल्ट आणि बेस यांच्यामध्ये एक-दोन किलोओहम ठेवायचे. खालच्या बीसी ५४७ ला कधीही चार-साडेचार व्होल्टपेक्षा जास्त दिसत नाहीत, त्यामुळे त्याची ४५ ची मर्यादा आडवी येत नाही. वरच्याचा बेस जवळजवळ एका जागी बांधलेला असल्याने कलेक्टरची कोसळ सिग्नलच्या पिनपर्यंत पोचतच नाही. खालचा स्विचिंगचे काम करतो, वरचा फक्त व्होल्टेज अंगावर घेतो. आउटपुट शून्याऐवजी थोडे वर थांबते, पण १८० च्या हिशेबात ते कोण मोजतो!

मॉसफेट का नको, असे विचारणारे हमखास भेटतात. नको असे नाही, पण योग्य तो हवा. बरेच जण जवळ पडलेला आयआरएफ ८४० लावतात. पाचशे व्होल्ट, आठ अँपिअर, मोठा आहे म्हणजे मजबूत असेल. आठ अँपिअरच्या नगाची आउटपुट कपॅसिटन्स २५ व्होल्टवर सुमारे ३०० पिकोफॅरड असते, आणि व्होल्टेज कमी होईल तशी ती वाढतच जाते. आपण वर ३० पिकोफॅरडसाठी १२ मायक्रोसेकंद मोजले होते, आता तुम्हीच हिशेब करा. शिवाय त्याच्या गेटला नीट चालायला दहा व्होल्ट लागतात, ३.३ वर तो धड चालू होईल याची खात्री नाही. सिग्नलच्या कामाला छोटाच मॉसफेट हवा. बीएसएस १३१ कमी व्होल्टेजच्या गेटवर चालतो, पण त्याची मर्यादा २४० व्होल्ट, आपल्या दीडपटीच्या हिशेबात थोडा कमी पडतो. बीएसएस १२७ सहाशे व्होल्टचा आहे आणि त्याचे २१ मिलिअँपिअर आपल्याला पुरे, पण त्याला पाच व्होल्टचे लॉजिक द्यावे. दोन्ही सरफेस माउंटचे, तांदळाएवढे.

आतापर्यंतचा सगळा विचार चालू-बंद सिग्नलचा होता. सिग्नल अ‍ॅनालॉग असेल, म्हणजे ट्रान्झिस्टर अर्धवट चालू ठेवून आवाजासारखी लाट उलटवून मोठी करायची असेल, तर उष्णतेचा हिशेब ट्रान्झिस्टरकडे येतो. चालू-बंद कामात ट्रान्झिस्टरवर एकतर व्होल्टेज असते किंवा करंट, दोन्ही एकदम फार वेळ नसतात. अ‍ॅनालॉगमध्ये मधोमध बसल्यावर ९० व्होल्ट आणि करंट दोन्ही एकाच वेळी असतात. एक मिलिअँपिअरला हे ९० मिलिवॅट झाले. एमपीएसए ४२ च्या छोट्या काळ्या अंगाचे तापमान दर वॅटला २०० अंशांनी वाढते, म्हणजे १८ अंश, काळजीचे कारण नाही. १८ किलोच्या रेझिस्टरला पाच मिलिअँपिअर धरले तर ४५० मिलिवॅट, ९० अंशांची वाढ. बंद डब्यात आतली हवा ४५ अंश असेल तर आतली चिप १३५ वर गेली. मर्यादा १५० ची. डेटाशीटवरचे ६२५ मिलिवॅट २५ अंशांच्या हवेत मोजलेले असतात, ४५ ला ते ५२५ च उरतात. इथे एमजेई ३४० घ्यावा आणि हीटसिंक लावावा. चालू-बंद कामाला तो लावणे म्हणजे मात्र उगाच जागा अडवणे.

खरेदीचे म्हणाल तर इंदिरानगरातून एस. पी. रोडला जाणे सोपे आहे. इंदिरानगर स्टेशनवरून पर्पल लाइनने मॅजेस्टिक, तिथे ग्रीन लाइन पकडून चिकपेटे किंवा के. आर. मार्केट, पुढे चालत. पुण्याचा बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड पाहिलेला माणूस तिथे हरवणार नाही. हिंदीत व्यवहार होतो, ‘अण्णा’ म्हटले की काउंटरवरचा आणखी एक डबा उघडतो. रविवारी मात्र जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. नग मागताना नुसते ‘हाय व्होल्टेज ट्रान्झिस्टर’ म्हटले तर टीव्हीच्या लाइन आउटपुटचा भलामोठा नग हातात पडेल. नंबर लिहून न्यावा, पर्यायी नंबरही लिहावा, आणि थोडे जास्तीचे घ्यावेत. घाई नसेल आणि नग खात्रीचे हवे असतील तर एलिमेंट १४, माऊसर किंवा डिजी-की.

खुल्या बाजारातला नग तपासल्याशिवाय लावू नये. दुसऱ्याच ट्रान्झिस्टरवर छापलेला नंबर इतका हुबेहूब असतो की भिंगातूनही कळत नाही. पण व्होल्टेजला फसवता येत नाही. बेस आणि एमिटर १० किलोने जोडा, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर एक मेगाओहममधून बूस्ट सप्लायला, आणि सप्लाय हळूहळू ३०० च्या जवळ न्या. कलेक्टरवरचे व्होल्टेज मल्टिमीटरने पाहा. नग खरा असेल तर ते सप्लायबरोबर चढत राहते. साधारण दहा टक्के कमी दिसेल, कारण मल्टिमीटरचे स्वतःचे दहा मेगाओहम त्या एक मेगाओहमशी भागीदारी करतात. नग खोटा असेल तर ७०-८० व्होल्टवर आकडा अडतो आणि सप्लाय कितीही वाढवला तरी हलत नाही. एक मेगाओहममुळे करंट ०.३ मिलिअँपिअरच्या वर जात नाही, त्यामुळे खरा नग या परीक्षेत मरत नाही. रेझिस्टरच्या व्होल्टेज मर्यादेसाठी मात्र इथेही मेगाओहम दोन रेझिस्टरांत विभागावा, ४७० किलोचे दोन.

पायांची अदलाबदल हा दुसरा सापळा. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरला, तर एमपीएसए ४२ मध्ये डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी ५४७ मध्ये नेमके उलटे: कलेक्टर, बेस, एमिटर. बीएफ ४२० मध्ये कलेक्टर मधे. १३००३ च्या पायांचा क्रम तर कंपनीगणिक बदलतो. उलटा लागलेला एमपीएसए ४२ बेस-एमिटरच्या सहा व्होल्टच्या मर्यादेवरच कोसळतो. तो लगेच धूर काढत नाही, म्हणून जास्त छळतो: आउटपुट सहा-सात व्होल्टच्या वर चढतच नाही आणि माणूस सप्लायवर संशय घेत बसतो. असे दिसले तर आधी पाय पाहा.

या ट्रान्झिस्टरचे पाय एकमेकांपासून सव्वा मिलिमीटरवर असतात. त्यांना फाकवून कलेक्टरच्या शेजारची एक भोकांची ओळ मोकळी सोडावी. फ्लक्सचा चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा. बेंगळुरूच्या कोरड्या महिन्यांत हे न करताही चालते, पण तेच घड्याळ रत्नागिरीला मामाकडे भेट म्हणून गेले तर पावसाळ्यात दमट फ्लक्समधून गळती सुरू होईल आणि बंद असलेले आकडे अंधुक उजळू लागतील.

ऑसिलोस्कोपचा प्रोब नेहमी दहापटीच्या खुणेवर ठेवावा. एकपटीवर प्रोबची कपॅसिटन्स शंभर पिकोफॅरडच्या आसपास जाते, आणि १८० किलोच्या रेझिस्टरवर नुसत्या प्रोबनेच चढाई ४० मायक्रोसेकंद होते. मग तुम्ही सर्किट नव्हे, प्रोब मोजत असता. एकपटीवर एवढे व्होल्टेज स्कोपच्या इनपुटला सोसेल का, हाही प्रश्न आहेच. प्रोबच्या मुठीवर मर्यादा छापलेली असते, ती वाचावी.

हे १८० व्होल्ट भिंतीतल्या सॉकेटवरून डायोड लावून थेट काढण्याचा मोह आवरा. २३० व्होल्टचे शिखर ३२५ असते, मेन दहा टक्के चढला की ३५८, म्हणजे आपला ३०० चा ट्रान्झिस्टर गेला. त्याहून वाईट म्हणजे अशा सर्किटचे ग्राउंड मेनला जोडलेले असते, आणि त्याला यूएसबीने लॅपटॉप जोडला की लॅपटॉपही त्यात ओढला जातो. बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि बूस्ट मॉड्यूल हाच घरगुती मार्ग. तोही निरुपद्रवी नाही. त्याच्या आउटपुटवरचा ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १८० व्होल्टला ७६ मिलिजूल धरून बसतो, आणि अ‍ॅडॉप्टर काढल्यावरही बराच वेळ सोडत नाही. त्याला समांतर, एकापुढे एक जोडलेले ४७० किलोचे दोन रेझिस्टर कायमचे लावून टाकावेत. २०-२५ सेकंदांत तो रिकामा होतो, आणि एरवी जळतात ते जेमतेम ३५ मिलिवॅट. तरी हात घालण्याआधी मल्टिमीटर लावून आकडा पाच व्होल्टच्या खाली आलाय ना, ते पाहावे.